पिशवी भरून देऊ का?

ब्रिटनमधल्या मोठ्या सुपरमार्केटात शनिवारी सकाळी गेलं, की कधीकधी काउंटरच्या पलीकडच्या टोकाला गणवेशातली दोन-तीन मुलं उभी असतात. कब स्काउट (स्काउटांतली धाकटी मुलं), ब्राउनीज (गाइडांतल्या धाकट्या मुली), गावातला फुटबॉल क्लब, शाळेचा बँड, कोणीही. शेजारी झाकणबंद प्लॅस्टिकची बादली, झाकणाला नाणं जाईल एवढी फट, बाहेरून संस्थेचं नाव चिकटवलेलं. आपलं सामान पट्ट्यावरून बिप बिप करत पुढे सरकतं आणि त्यांतलं एक मूल, बहुधा कानापर्यंत लाल होऊन, विचारतं, "पिशवी भरून देऊ का?" याला इथे बॅग पॅकिंग म्हणतात. पैसे तोंडाने मागायचे नाहीत, असा संकेत. बादली नुसती असते.

या नुसत्या असलेल्या बादलीने इथल्या भल्याभल्यांची पंचाईत होते. माझ्या ऑफिसातला एक सहकारी कोणी मॅरेथॉन धावो, कोणी केक विको, सगळ्यांना पैसे देतो. नोव्हेंबरात कोटाला पॉपी, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाचं लाल फूल, लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. पण काउंटरपाशी ही मुलं दिसली, की तो भरलेली ट्रॉली वळवून सेल्फ-चेकआउटच्या यंत्राकडे जातो. कारण विचारलं तर म्हणतो, "अंडी." कारण म्हणून सगळेच अंडी सांगतात. कोणाच्या तरी अंड्यांवर कोणत्या तरी कबने टोमॅटोचे डबे ठेवले, ही गोष्ट इतक्या जणांकडून ऐकली आहे, की ते एकच दुर्दैवी खोकं गावभर फिरलं असावं असं वाटतं.

अंड्यांच्या खाली दुसरी कारणं असतात. ती गप्पांच्या ओघात हळूहळू बाहेर येतात. एक शेजारीण म्हणाली, मी आठवड्यात काय खाते, काय पिते हे अकरा वर्षांच्या पोराने का बघावं? तिच्या ट्रॉलीत वाइनच्या बाटल्या होत्या, सॅनिटरी पॅड होते, पायाच्या नखांचं औषध होतं. काउंटरवरच्या बाईने ते पाहिलं तर काही वाटत नाही, कारण ती रोज हजारो वस्तू पाहते आणि एकही पाहत नाही. पण तेच पोरगं सोमवारी आपल्या मुलाच्या वर्गात बसणार असतं. शिवाय आता पिशवीही आपली असते. इंग्लंडमध्ये ५ ऑक्टोबर २०१५ पासून प्लॅस्टिकच्या पिशवीला पाच पेन्स पडू लागले, मे २०२१ पासून दहा. त्याआधी पिशव्या दुकानाच्या होत्या, पातळ, फुकट, कोणाच्याच नसलेल्या. मुलं एकामागून एक ओढून भरत जायची. आता मी घरून आणलेल्या पिशवीत परका हात जातो. तिच्या तळाशी जुनी बिलं, चुरा झालेलं बिस्किट, कोणाचा तरी एक मोजा. हे दुसऱ्याने पाहणं म्हणजे आपल्या घरातला खण उघडून पाहण्यासारखंच. या कामाबद्दलची कुरकुर या दहा वर्षांत वाढली असं मला जाणवतं, आणि त्यात या पिशव्यांचा हात आहे असा माझा संशय आहे.

जर्मनीत तर ही नावड फार मुरलेली. वॉलमार्ट तिथे १९९७ मध्ये गेली आणि २००६ मध्ये गाशा गुंडाळून परतली. ती तिथे का रुजली नाही याची जी कारणं सांगितली जातात, त्यांत अमेरिकन पद्धतीने पिशव्या भरून देणारे नोकर हे एक असतंच. जर्मन गिऱ्हाइकाला आपल्या ब्रेडला दुसऱ्याने हात लावलेला खपला नाही. ब्रिटिश माणूस इतका सडेतोड नाही. त्याला नको असतं, पण तो "हो, थँक यू, किती छान" म्हणतो आणि घरी जाऊन पिशवी पुन्हा लावतो.

माझ्या मते खरी अडचण अंड्यांची नाही आणि खाजगीपणाचीही नाही. ती क्रमाची आहे. इतर दानात आधी मागणं येतं, मग आपला होकार किंवा नकार. इथे आधी उपकार होतो. न मागता, गोड आवाजात, समोर दोन पालक कौतुकाने बघत असताना, मागे रांग ताटकळत असताना. उपकार होऊन गेल्यावर बादली दिसते. आता न देणं म्हणजे नकार राहत नाही, बुडवणूक होते. ब्रिटनमध्ये निधी गोळा करणाऱ्यांवर लक्ष ठेवायला २०१६ मध्ये फंडरेझिंग रेग्युलेटर नावाची संस्था आली. देणाऱ्यावर अवाजवी दबाव आणू नये असं तिच्या नियमावलीत स्पष्ट आहे. पण लाजून उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या पोरीचा दबाव कोणत्या नियमात बसवणार? ती काहीच म्हणत नाही. तिची ताकदच ती आहे.

पूर्वी मागणाऱ्यांनीच यावर तोड काढली होती. रस्त्यावर उभं राहून संस्थेसाठी पैसे गोळा करण्याची प्रथा इथे सुरू झाली ती १८९१ मध्ये, मँचेस्टरला. त्याआधी १८८६ च्या डिसेंबरात 'मेक्सिको' नावाचं जहाज वाचवायला गेलेले २७ लाइफबोटवाले बुडून मेले होते. त्यांच्यामागे राहिलेल्या बायकामुलांसाठी आणि लाइफबोटींसाठी चार्ल्स मॅकारा या गिरणीमालकाने पुढाकार घेतला आणि ऑक्टोबर १८९१ मध्ये शहरातून बँड आणि बोटींची मिरवणूक काढून पाच हजार पौंडांहून जास्त रक्कम जमवली. पैसे देणाऱ्याला खूण देण्याची पद्धत पुढे रुळली. १९१२ मध्ये लंडनमध्ये अलेक्झांड्रा रोझ डे सुरू झाला, त्यात पैसे दिले की कापडी गुलाब मिळायचा. गुलाब छातीवर लावला की त्या दिवसापुरते तुम्ही मोकळे. पुढच्या कोपऱ्यावरची बाई तुमच्याकडे बघून नुसती हसायची.

मग स्काउटांचा 'बॉब-अ-जॉब' आठवडा आला, १९४९ च्या ईस्टरला. बॉब म्हणजे शिलिंग, जुने बारा पेन्स. मुलांनी घरोघरी जायचं, कोणाचं गवत कापायचं, कोणाचे बूट चमकवायचे, कोणाचा कुत्रा फिरवून आणायचा, कामाला एक शिलिंग. काम झालं की त्या घराच्या खिडकीत लावायला एक चिठ्ठी द्यायची: काम झालं. म्हणजे दुसऱ्या स्काउटने तिथे घंटी वाजवू नये. किती समजूतदारपणा आहे यात! १९९० च्या दशकात मुलांच्या सुरक्षिततेच्या काळजीने हा प्रकार बंद पडला. अनोळखी घरात मूल पाठवणं अशक्य झालं, तसं ते काम सुपरमार्केटच्या दिव्यांखाली, कॅमेऱ्यांसमोर सरकलं. मूल सुरक्षित झालं. खिडकीतली चिठ्ठी मात्र मागेच राहिली. आता मी मागच्या शनिवारी दिले आहेत हे कोणाला कसं दाखवू? दर वेळी नवी मुलं, नवी बादली, नवं लाजणं.

मिरजेत वाढलेल्या माणसाला यातलं फारसं काही परकं वाटत नाही. आमच्या शाळेत स्काउट-गाइडची 'खरी कमाई' असायची. भारत स्काउट्स आणि गाइड्सचा हा उपक्रम आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी केला असेल. आम्ही भेळ विकायचो, लिंबाचं सरबत विकायचो, मुलं सरांच्या स्कूटरी धुवायची. भेळ बऱ्यापैकी वाईट असायची आणि सगळे शिक्षक दोन-दोनदा घ्यायचे. पण ते वर्षातून एकदा, शाळेच्या आवारात, आणि सरबत नको असेल तर माणूस लांबूनच दुसरीकडे वळू शकायचा.

आणि वर्गणी. गणपतीच्या आधी दार वाजतं, दारात आठ पोरं, पुढच्याच्या हातात पावतीपुस्तक. इथे सेवेचा आव नाही, लाजणं तर नाहीच. "काका, गेल्या वर्षी पाचशे एक होते, यंदा हजार एक टाकू का?" कागदोपत्री अशा वर्गणीला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, प्रत्यक्षात पोरांचा आवाज पुरतो. वर्गणीच्या दादागिरीचं समर्थन मला करायचं नाही, तिने गांजलेले दुकानदार मी पाहिले आहेत. पण पावती ही मोठी सोय आहे. ती फाडली की विषय संपतो. दुसऱ्या दिवशी त्याच मंडळाची दुसरी तुकडी आली तर फ्रिजवरची पावती आणून दाखवायची. बघा, दिली आहे. अलेक्झांड्राच्या गुलाबाचं आणि खिडकीतल्या चिठ्ठीचं काम आमच्याकडे पावती करते.

आई इथे आली होती तेव्हाची गोष्ट. काउंटरवर चष्मा लावलेला एक मुलगा पुढे झाला आणि आईच्या पिशवीला हात घालणार, तोच तिने ती आपल्याकडे ओढली. "नको रे बाळा, मी भरते." मराठीत. मुलाला नेमकं कळलं, तो मागे सरला. आईने तिच्या पद्धतीने पिशवी भरली, डाळी खाली, कोथिंबीर वर, आणि मग पर्स उघडून पाच पौंडांची नोट घडी करून बादलीत टाकली. मुलगा गोंधळला. त्याने काही केलंच नव्हतं. तो आपल्या बाईंकडे बघू लागला, की हे चालतं का?

गाडीत मी आईला विचारलं, भरू का नाही दिलंस?

"द्यायचं तर द्यायचं. त्यासाठी लेकराकडून ओझी कशाला उचलून घ्यायची?"

मागून माझी मुलगी म्हणाली, "आजी, पण काम न करता पैसे घेतले तर ती भीक होते ना?" ती स्वतः कब आहे, हे तिला तिथे शिकवलेलं.

"मग गणपतीची वर्गणी काय भीक असते का गं?"

मुलीकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही लगेच नव्हतं. दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या. आईला दान आणि मजुरी एकात मिसळलेली नको होती. मुलीच्या जगात नुसतं मागणं ही शरमेची गोष्ट, म्हणून मागण्यावर कामाचं पांघरूण हवं. ते काम लोकांना हवं आहे की नाही, हा प्रश्न त्या जगात फारसा कोणी विचारत नाही.

काहींना ते खरंच हवं असतं, हेही सांगायला हवं. संधिवाताने बोटं वाकलेली आजीबाई, एका हाताने बाबागाडी धरलेली आई, काठी घेऊन आलेले गृहस्थ. ही माणसं मुलांशी बोलतात, कोणत्या शाळेत जातोस विचारतात, दूध कुठे ठेव ते सांगतात, रांगेची पर्वा करत नाहीत. त्यांच्याकडे बघून या प्रकाराबद्दलचा माझा सगळा शहाणपणा पातळ होतो. आणि दुसऱ्या टोकाला आपले काही लोक. मुलं पिशव्या भरतात तेव्हा हे बाजूला उभे राहून फोनवर बोलतात, किराणा दुकानातल्या पोऱ्याने पुडे बांधून द्यावेत तसं, आणि बादलीकडे न बघता ट्रॉली ढकलत निघतात. कंजूषपणा नसतो तो. कोणीतरी आपलं सामान भरून देणं ही त्यांच्या लेखी दखल घ्यावी अशी घटनाच नसते. आपल्याकडच्या सवयींची लाज मला सहसा वाटत नाही, या एका सवयीची वाटते.

पैसे कोणासाठी, यावरून लोकांची मनं फार बदलतात. एअर ॲम्ब्युलन्सचं नाव बादलीवर असलं की हात आपोआप खिशात जातो. (इंग्लंडमधली जीव वाचवणारी हेलिकॉप्टरं बहुतेक लोकांच्या देणग्यांवर उडतात, हे कळलं तेव्हा मी चकित झाले होते. लाइफबोटींचं तर १८२४ पासून तसंच चालू आहे.) मरणासन्न रुग्णांच्या हॉस्पिसचं नाव असलं तरी तसंच. पण बादलीवर 'आमची जांबोरी', म्हणजे स्काउटांचा मोठा मेळावा, असं लिहिलेलं असलं, की कपाळाला आठ्या पडतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियात सेमांगमला जागतिक स्काउट जांबोरी झाली. ब्रिटनची तुकडी सगळ्यांत मोठी, साडेचार हजारांच्या आसपास. त्यातल्या कितीतरी मुलांनी आधीची दीड-दोन वर्षं केक विकून आणि पिशव्या भरून आपला खर्च उभा केला होता. तिथे उकाडा इतका पडला, की ही सगळी तुकडी तळ सोडून सोलच्या हॉटेलांत हलवावी लागली. त्या आधीच्या हिवाळ्यात आमच्या इथल्या रांगेत एक गृहस्थ पुटपुटले होते, "मी स्वतः कधी कोरियाला गेलो नाही."

इथे माझं मत बहुतेकांच्या उलट आहे. मला जांबोरीची बादली जास्त प्रामाणिक वाटते. मुलगा स्वतःच्या सहलीसाठी माझी पिशवी भरतो, मी त्याला मोल देते. सरळ व्यवहार आहे, पटलं तर द्या. हॉस्पिससाठी मला पिशवी भरून कशाला हवी? तिथे मी तशीही देईन. मरणाच्या दारातल्या माणसांची शुश्रूषा आणि माझे बटाटे यांचा काही संबंध नाही. तो ओढून-ताणून जोडला, की काम खोटं वाटायला लागतं आणि दानही.

आता नाण्यांबद्दल. आमच्या कब गटाच्या बादल्या रिकाम्या करून मोजायला मी बसलेली आहे आणि ते काम मला मनापासून आवडतं. टेबलावर चादर, तिच्यावर ढीग, मुलं आणि पालक ढीग फोडत बसतात. बँकेच्या छोट्या पिशव्यांचे नियम ठरलेले: एक आणि दोन पेन्सची नाणी एका पिशवीत एक पौंडाची, पाच-दहा पेन्सची पाच पौंडांची, वीस-पन्नासची दहाची, एक-दोन पौंडांची वीसची. तांबडी चिल्लर जड असते. एक पौंडाच्या एक पेनी म्हणजे ३५६ ग्रॅम, आणि गंमत म्हणजे दोन पेन्सच्या घेतल्या तरी वजन तेवढंच. ढिगात काय काय निघतं: शर्टाचं बटण, ट्रॉलीचं टोकन, युरो, एकदा चक्क दोन रुपयांचं नाणं, ते कोणाचं हे मला साधारण कळलं. पण मुख्य गोष्ट ही, की कोणी किती टाकलं हे या ढिगातून कधीच कळत नाही. मूठ झाकलेली असते. सदतीस पेन्स टाकणाऱ्याचा आणि पाच पौंड टाकणाऱ्याचा आवाज वेगळा येतो खरा, पण दोघांनाही मुलं सारखंच थँक यू म्हणतात.

ही मूठ आता सुटत चालली आहे. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये डेबिट कार्डाचे व्यवहार रोखीच्या व्यवहारांपेक्षा जास्त झाले. २०२० च्या साथीत परक्याच्या वस्तूला हात लावणं हाच गुन्हा ठरला आणि मुलं काउंटरवरून गायब झाली. परतली तेव्हा निम्मे काउंटर जाऊन तिथे यंत्रं आली होती. यंत्रापाशी पिशवी भरून द्यायला जागा नाही, निमित्तही नाही. "सॉरी, माझ्याकडे सुटे नाहीत," हे वाक्य आता बहुतेक वेळा खरं असतं. पूर्वी ते निसटायची वाट होतं. म्हणून काही संस्था बादलीशेजारी कार्डाचं यंत्र ठेवतात. त्यावर आकडा आधीच चमकत असतो, दोन पौंड किंवा तीन. कार्ड टेकवायचं, बस. सोय आहे, हिशेब चोख राहतो, चिल्लर मोजायला चादर अंथरावी लागत नाही. पण सदतीस पेन्स देणाऱ्याने करायचं काय? त्याची ऐपत किंवा इच्छा तेवढी असते आणि आजवर ती कोणाला दिसत नव्हती. आता त्याला एक तर दोन पौंड देता येतात, नाहीतर मुलासमोर मान हलवून निघता येतं.

याच मुद्द्यावरून आमच्या गटाच्या पालकांची बैठक गेल्या महिन्यात लांबली. नाताळच्या आधीचा एक शनिवार आम्हाला मिळाला आहे. असे शनिवार महिनोन् महिने आधी मागून ठेवावे लागतात, सगळ्या क्लबांची त्यांवर नजर असते. मी सुचवलं, की या वेळी बादली काउंटरवर ठेवूच नये. मुलांनी विचारावं, हो म्हणणाऱ्याची पिशवी भरून द्यावी, नको म्हणणाऱ्याला हसून सोडावं. बादली आणि यंत्र दोन्ही बाहेरच्या दारापाशी, फुलांच्या बादल्यांशेजारी, तिथे पैसे कशासाठी हे लिहिलेला मोठा फलक. ज्याला द्यायचं तो थांबेल. ज्याला नाही त्याला ट्रॉलीसह निघून जायला रुंद दार आहे. आईसारख्या माणसाला पिशवी न भरून घेताही देता येईल, आणि माझ्या सहकाऱ्याला यंत्राकडे पळावं लागणार नाही.

खजिनदार बाईंना हे अजिबात पटलं नाही. गेली कित्येक वर्षं त्या हे हिशेब ठेवतात आणि माणसांबद्दल त्यांचे फारसे भ्रम उरलेले नाहीत. त्यांच्या मते काउंटर ते दार या वीस पावलांत लोकांचं औदार्य निम्मं होतं. होत असेलही. मी म्हटलं, जे वीस पावलांत विरतं ते औदार्य नव्हतंच, निव्वळ संकोच होता. त्यावर त्या म्हणाल्या, तंबूंना नवीन ताडपत्री हवी आहे, ती संकोचाच्या पैशानेही येते.

शेवटी तडजोड झाली. सकाळच्या पाळीत बादल्या काउंटरवर, दुपारच्या पाळीत दारापाशी, आणि दोन्हींचा हिशेब वेगवेगळा. दुपारी गर्दी जास्त असते, तेव्हा ही तुलना न्याय्य नाही, असं एका वडिलांनी निदर्शनास आणलं. त्यांना कोणी उत्तर दिलं नाही, कारण तोवर नऊ वाजून गेले होते आणि सभागृह झुंबावाल्यांना रिकामं करून द्यायचं होतं.